डी. के. सरांचा शब्द

आपल्या नावाची थट्टा आपणच आधी करून टाकायची, म्हणजे दुसऱ्याला करायला काही उरत नाही, अशी डी. के. सरांची रीत होती. आठवीच्या वर्गावर पहिल्या दिवशी ते आले, फळ्यावर इंग्रजीत दोन अक्षरं काढली आणि म्हणाले, "हे माझं नाव. दगडू किसन. माझ्या आधीची दोन लेकरं जगली नव्हती, म्हणून आईनं दगडू ठेवलं. दगडासारखा टिकावा म्हणून. पुढं शाळेत इंग्रजी आलं आणि या दोन अक्षरांचा एक शब्द झाला. डिके. म्हणजे सडणं." वर्ग हसला. सर हसले नाहीत. "हसून घ्या," म्हणाले, "उद्यापासून याच शब्दावर प्रश्न विचारणार आहे."

आणि खरंच विचारले. शब्दाचा अर्थ पाठ केला की शब्द आला, हे त्यांना मान्य नव्हतं. शब्द कुठं चालतो आणि कुठं चालत नाही हे कळलं पाहिजे, असं ते म्हणत. डिके हे नाम पण आणि क्रियापद पण. दाताला चालतं, लाकडाला चालतं, पडक्या किल्ल्याला चालतं, राज्याला आणि माणसाच्या नीतीलाही चालतं. फुटलेल्या काचेला चालत नाही. "काच फुटली तर एका क्षणात फुटते," ते सांगत. "डिकेला वेळ लागतो. हळूहळू, आतून, कोणाच्या लक्षात न येता जे होतं, ते डिके. वेळ काढून घेतला तर शब्दात काही उरत नाही." मागच्या बाकावरचा एखादा मुलगा "सर, पेन डिके झालं" म्हणाला की ते त्याला उभं करत आणि विचारत, "कधीपासून होत होतं?"

एकदा त्यांनी घरचा अभ्यास दिला तो असा : घरी जा, काय काय खराब होतं ते बघा, आणि तुमची आई त्याला काय म्हणते ते ऐकून या. दुसऱ्या दिवशी फळा भरून गेला. लाकूड किडतं, लोखंड गंजतं, दूध नासतं, वरण विटतं, पीठ आंबतं, लुगडं विरतं, पाचोळा कुजतो, भिंत खचते. सर लांब उभे राहून फळ्याकडं बघत म्हणाले, "इंग्रजांचं एका शब्दात भागतं. आपल्याकडं प्रत्येक खराब होण्याला वेगळं नाव आहे. आपल्याला सवय जास्त." तेवढ्यात दारातून राजाक्का म्हणाली, "सर, माणूस ऱ्हायला की. माणूस झिजतो." राजाक्का आमच्या शाळेत पाणी भरायची. निलंग्याकडची, बोलण्यात मधूनच कानडी यायची, आणि घागर कमरेवर घेऊन कोणत्याही वर्गाच्या दारात उभं राहून ऐकायची तिला सवय होती. सरांनी तिचं वाक्य फळ्यावर सगळ्यात खाली लिहिलं आणि त्या दिवशीचा तास तिथंच संपवला.

ते बहात्तरचं साल. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं. बाकं रोज थोडी थोडी रिकामी होत होती, कारण पोरं आईबापाबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती. सर रविवारी सायकलवर त्या कामावर जायचे. हजेरी घेतल्यासारखे एकेका पोराचं नाव घेऊन हाक मारायचे. परत शाळेत चला असं ते म्हणत नसत. ते म्हणण्यात अर्थ नव्हता हे त्यांना माहीत होतं. ते खडीच्या ढिगाशेजारी बसून आठवड्याचा धडा सांगायचे आणि हातोडे चालूच असायचे. वर्गात आम्ही जे उरलो होतो त्यांना एकदा ते म्हणाले, "दुष्काळात एक बरं असतं. काही सडत नाही. सडायला ओल लागते. दुष्काळात नुसतं सुकतं." तेव्हा आम्हाला हा विनोद वाटला होता.

माझ्या वडिलांची, आप्पांची, गंजगोलाईच्या बाजारात धान्याची आडत होती. आम्ही लिंगायत, घरात रोज लिंगपूजा, बोलण्यात बसवण्णाची वचनं. सर बौद्ध. त्यांच्या आईवडिलांनी छप्पन साली धम्म घेतला होता. लातुरात त्यांना कोणी घर भाड्यानं देईना, म्हणून ते दवाखान्याच्या मागच्या नर्सच्या खोल्यांत राहत. त्यांची बायको इंदूताई सरकारी दवाखान्यात नर्स होती आणि ती खोली तिच्या नोकरीची होती. माझी फी माफ व्हावी म्हणून नव्हे, तर माझं इंग्रजी चांगलं आहे आणि मुलीला दहावीपुढं शिकवा, हे सांगायला सर पहिल्यांदा आमच्या घरी आले. आईनं आप्पांना कपबशीत चहा दिला आणि सरांना काचेच्या गिलासात. तो गिलास दिवळीत वेगळा ठेवलेला असायचा. सरांनी चहा घेतला, उठून मोरीवर गेले, गिलास स्वतः विसळला आणि ओट्यावर आमच्या कपांच्या मधोमध पालथा घातला. मग परत येऊन बसले आणि माझ्या शिक्षणाबद्दल बोलत राहिले. पुढच्या वेळी कप आला. त्यानंतर आप्पांची आणि त्यांची मैत्री झाली, अगदी रोज संध्याकाळी आडतीवर बसण्याइतकी. मी बी. ए., बी. एड. झाले ती त्या बैठकींमुळं.

सर गोड माणूस नव्हते. कौतुक करताना त्यांचा जीव जायचा. निबंध कितीही चांगला असो, खाली ते "बरा" लिहायचे. सहकारी शिक्षकांची चुकीची इंग्रजी वाक्यं ते त्यांच्यासमोरच दुरुस्त करत आणि त्यामुळं शिक्षकांच्या खोलीत त्यांच्या शेजारची खुर्ची बहुतेक वेळा रिकामी असे. इंदूताई म्हणायच्या, "ह्यांना वाटतं शब्द सरळ केला की माणूस सरळ होतो. तसं व्हत न्हाई." सर त्यावर म्हणायचे, "निदान शब्द तरी सरळ होतो."

मग लातूर जिल्हा झाला. त्या दिवशी गोलाईत फटाके वाजले, आप्पांनी घरी येईल त्याला पेढे दिले. सरांनी पेढा घेतला आणि म्हणाले, "आप्पा, आता इथं ओल येणार."

आप्पांना वाटलं ते पावसाबद्दल बोलतायत. "येऊ द्या की. लई वर्षं कोरडी गेली."

"तसली न्हाई," सर म्हणाले. "कचेऱ्या येतील, साहेब येतील, अनुदान येईल. पैशाची ओल." आप्पा हसले. मी तेव्हा लग्न होऊन नांदेडला होते, बाळंतपणाला माहेरी आले होते, आणि खिडकीत बसून हे ऐकत होते.

साहेबांची पोरं आली, तुकड्या वाढल्या, आणि आमच्या शाळेच्या संस्थेनं नवी इमारत बांधायला घेतली. काम सेक्रेटरी साहेबांच्या मेहुण्याकडं होतं. आप्पांनीही देणगी दिली. दारातल्या संगमरवरी पाटीवर त्यांचं नाव चौथं होतं. वरच्या मजल्याचा आणि पुढच्या व्हरांड्याचा स्लॅब भर उन्हाळ्यात टाकला. लातुरात पाण्याची बोंब होती, नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं. ओल्या स्लॅबवर पाणी मारावं लागतं, ते साठवून ठेवावं लागतं, नाहीतर तो पिकत नाही, हे बांधकामावरच्या बिगारी बाईलाही माहीत असतं. पाण्याचा टँकर यायचा, पण तो शाळेच्या फाटकावरून वळून सेक्रेटरी साहेबांच्या बंगल्याकडं जायचा. तिथंही त्याच मेहुण्याचं काम चालू होतं. राजाक्का दोन-चार दिवस आपल्या घागरीनं स्लॅबवर पाणी नेऊन ओतत होती. मुकादमानं तिला खाली उतरवलं. ती सरांना म्हणाली, "सर, त्यो स्लॅब तहानलेला हाय. टँकर बंगल्यावर जाऊन राहिलाय." सर हेडमास्तरांकडं गेले, हेडमास्तर म्हणाले, मी सांगतो. पुढं काय सांगितलं आणि कोणाला, ते कळलं नाही.

इमारतीचं उद्घाटन झालं, फोटो निघाले. दुसऱ्याच पावसाळ्यात व्हरांड्याच्या छताला ओल धरली. तिसऱ्या पावसाळ्यात पोपडे पडू लागले, सळ्या दिसू लागल्या. चौथ्या पावसाळ्यात, एका सकाळी प्रार्थनेच्या आधी, पोरं अजून फाटकाबाहेर असताना, व्हरांड्याचा स्लॅब खाली आला. राजाक्का खाली रांजण भरत होती.

सर लवकर येणाऱ्यांपैकी. त्यांनी आणि शिपायानं मिळून दगडमाती बाजूला केली. दवाखान्यात नेलं तेव्हा इंदूताईच ड्यूटीवर होत्या. राजाक्का तिथवर पोचण्याआधीच गेली होती. इंदूताईंनी तिचं तोंड पुसलं, केसातली वाळू काढली आणि चादर ओढली. सरांचे दोन्ही हात सोलले होते. इंदूताईंनी त्यांना टिंक्चर लावलं आणि म्हणाल्या, "शाळेत जा. तिथं आता बोलायला माणूस लागंल."

शाळेत त्यांना बोलावणंच आलेलं होतं, पण दुसऱ्या कामासाठी. इमारतीचा विमा होता आणि विमा कंपनीला काय घडलं ते इंग्रजीतून कळवायचं होतं. तोच मजकूर पुढं सगळ्या कचेऱ्यांत जाणार होता. वकिलांनी मराठीत चार ओळी करून दिल्या होत्या : सदर इमारतीचा भाग नैसर्गिकरीत्या जीर्ण झाल्यामुळे कोसळला, यात कोणाचाही दोष नाही. सरांनी फक्त त्याचं चांगलं इंग्रजी करायचं होतं. सेक्रेटरी साहेब, हेडमास्तर, दोन संचालक बसले होते. हेडमास्तर म्हणाले, "अवघड काही नाही सर. तुमचाच शब्द आहे. डिके." एक संचालक हसला.

पुढं काय झालं ते मला सरांनी स्वतः सांगितलं, आणि नंतर तिथं हजर असलेल्या क्लार्कनंही तसंच सांगितलं. सरांनी कागद वाचला आणि टेबलावर ठेवला. म्हणाले, "साहेब, हा शब्द इथं बसत नाही."

"का बसत नाही?"

"जीर्ण व्हायला आधी जुनं व्हावं लागतं. ही इमारत चार वर्षांची. तिला आपल्या शाळेत पहिलीत प्रवेशसुद्धा मिळाला नसता."

सेक्रेटरी साहेब शांतपणे म्हणाले, "सर, तुम्ही भाषेचे मास्तर आहात. इंजिनिअर नाही."

"म्हणून भाषेपुरतंच बोलतोय. डिके आपोआप होतं. त्याला वेळ लागतो, माणूस लागत नाही. इथं वेळ लागला नाही, माणूस लागला."

"मग तुम्ही काय लिहाल?"

सरांनी खिशातलं पेन काढून त्याच कागदाच्या मागं इंग्रजीत एक ओळ लिहिली. अर्थ असा : स्लॅबवर पाणी मारलं नाही म्हणून तो पडला आणि एक बाई मेली. "एवढं इंग्रजी आठवीच्या पोरालाही येतं," ते म्हणाले, "मला बोलवायची गरज नव्हती." आणि उठून आले.

मजकूर गावातल्या एका शिकवणीवाल्या तरुण मास्तरानं लिहून दिला. त्यात तो शब्द दोनदा होता. सगळ्या कचेऱ्यांनी तो मान्य केला. सरांनी तो नंतर वाचला, तेव्हा एवढंच म्हणाले, "स्पेलिंग बरोबर होतं."

त्यांनी पोलिसांत जबाब दिला, पण जोडीला दुसरा जबाब मिळेना. बिगारी कुठल्या कुठं गेले होते. शिक्षक म्हणाले, टँकर यायचा तेव्हा आम्ही वर्गावर असायचो. सर शेवटी आडतीवर आले. आप्पांनी टँकर बंगल्याकडं जाताना रोज पाहिला होता. आडतीसमोरूनच रस्ता होता. सर म्हणाले, "आप्पा, पाटीवर तुमचं नाव हाय. तुमी बोललात तर ऐकतील."

आप्पांनी बराच वेळ तराजूच्या साखळ्या सारख्या केल्या. मग म्हणाले, "सर, मला बाजारात ऱ्हायचंय."

"हाव," सर म्हणाले, "ते खरं हाय." त्यानंतर ते कधी आडतीवर आले नाहीत. आप्पांनी त्यांची खुर्ची वर्षभर कोणाला बसायला दिली नाही, पण त्यांना बोलवायलाही गेले नाहीत. आई एकदा म्हणाली, जाऊन या की एकदा. आप्पा म्हणाले, जाऊन बोलू काय?

त्याच वर्षी संस्थेनं सरांची बदली मुदखेडच्या शाखेत केली. इंदूताईंची नोकरी लातूरला. चाळिशी उलटल्यावर दोघांची दोन बिऱ्हाडं झाली. सर महिन्यातून एकदा लातूरला जायचे, परतताना एस. टी.नं नांदेडला यायचे, पुढं रेल्वेनं मुदखेड. मधल्या वेळात कधीकधी आमच्या घरी यायचे. माझे यजमान तेव्हा विष्णुपुरीच्या धरणावर ज्युनिअर इंजिनिअर होते. पहिल्याच भेटीत सरांनी त्यांना विचारलं, "जावईबापू, एक शंका आहे. स्लॅब चार वर्षांत आपोआप सडतो का?"

यजमान म्हणाले, "छे. नीट पाणी मारलं असेल तर पन्नास वर्षं हलत नाही." मग उत्साहानं त्यांनी सगळं समजावून सांगितलं : सिमेंट पाणी कसं पितं, किती दिवस पितं, प्यायला नाही मिळालं तर आत काय होतं. सर विद्यार्थ्यासारखे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "हे लिहून द्याल?"

यजमान थांबले. "सर, सरकारी नोकरी आहे. त्यात तो दुसरा जिल्हा. तोंडी काय वाट्टेल ते सांगतो, पण लेखी म्हटलं तर..." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी त्यांना म्हटलं, द्या लिहून. ते म्हणाले, तुला कळत नाही. सर लगेच उठले. "राहू दे सुमन," म्हणाले, "घरात भांडण नको." आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघाले. गाडीला अजून खूप वेळ होता. त्या रात्री मी आणि यजमान जेवताना बोललो नाही, आणि खरं सांगायचं तर त्यानंतर बऱ्याच जेवणांना बोललो नाही.

मुदखेडला मी त्यांना दोनदा भेटायला गेले. स्टेशनजवळ खोली, एक खाट, एक स्टोव्ह, खिडकीत बुद्धाची लहानशी मूर्ती. शिकवणं चालू होतं, पण त्यातली खोड गेली होती. आता ते कोणाला उभं करून काही विचारत नसत. पुस्तकात असेल ते शिकवायचं, घंटा झाली की बाहेर पडायचं. मी म्हटलं, "सर, तुम्ही आता शब्द फोडून सांगत नाही?"

"कशाला सांगू? शब्दाचा अर्थ शेवटी ज्याच्या हातात शिक्का असतो तोच ठरवतो. मी उगीच पोरांना चुकीचं शिकवत होतो."

"तुम्ही बरोबर शिकवलंत."

"बरोबर शिकवलं म्हणून तू काय करून राहिलीस?" ते फटकन म्हणाले. मग लगेच खाली बघत, "तू न्हाई. मी मलाच म्हणतोय." त्यांनी स्टोव्ह पेटवला, चहा टाकला. राजाक्काच्या मुलीचं लग्न इंदूताईंनी लावून दिलं, एवढी एकच बातमी त्यांनी त्या दिवशी आपणहून सांगितली, आणि ती सांगताना त्यांचा चेहरा थोडा सैल झाला.

निवृत्त झाल्यावर ते लातूरला परतले. इंदूताईंबरोबर तीन-चार वर्षं मिळाली असतील. मधुमेह होता, मग मूत्रपिंडं गेली. आप्पा त्यांच्या आधीच वारले होते. सर मयतीला आले होते, लांब उभे राहिले आणि कोणाशी न बोलता गेले. सरांच्या जाण्याची बातमी मला उशिरा कळली; मी पोचले ती शोकसभेला. सभा शाळेतच होती. पडलेला व्हरांडा केव्हाच पुन्हा बांधला होता, त्याला फिकट पिवळा रंग दिला होता. सरांच्या फोटोला हार घातलेला. खाली नाव पूर्ण लिहिलं होतं, दगडू किसन कांबळे. ते वाचून मला क्षणभर कळलंच नाही हे कोण.

सेक्रेटरी साहेब बरेच थकले होते, काठी टेकत आले. पहिल्यांदा तेच बोलायला उठले. म्हणाले, सर म्हणजे आमच्या संस्थेचा आधारस्तंभ, शब्दाचे पक्के, असा इंग्रजीचा शिक्षक पुन्हा होणे नाही. पहिल्या रांगेत इंदूताई बसल्या होत्या, पांढरी साडी, मांडीवर हात. त्या बसल्या जागेवरूनच बोलल्या. आवाज दवाखान्यात पेशंटच्या नातेवाइकांना गप्प करतात तसा, हळू पण शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा.

"साहेब, तुमी बसा. तुमी राजाक्काच्या येळी बोलायचं व्हतं."

सेक्रेटरी साहेब काठी चाचपून खाली बसले. कोणीतरी त्यांना पाण्याचा गिलास दिला. इंदूताई समोर फोटोकडं बघत होत्या.

मग तेव्हाचे, आता निवृत्त झालेले हेडमास्तर उठले. माईक थोडा खाली घेतला, घसा साफ केला आणि म्हणाले, सरांचा स्वभाव अतिशय शांत होता, सगळ्यांशी त्यांचं जमायचं, आयुष्यात त्यांनी कोणाशी वाद घातला नाही. मागच्या रांगांतून माना हलल्या.